प्रेमराजच्या नावाची मूठ

धुळे,
१४ जानेवारी २०२५

अक्का,

पाया पडतो. तिळगूळ पोस्टानं पाठवत नाही. तुझे दात आणि तुझ्या भावजयीचे लाडू, दोन्ही मला ठाऊक आहेत. फोनवर मी एक विचारतो आणि तू उत्तर भलत्याचंच देतेस, म्हणून पुन्हा कागदावर आलो. कागद बहिरा नसतो.

वाइंडिंगचं दुकान नासीरच्या हवाली केलं, हे तुला माहीत आहेच. माझ्याच हाताखाली मोटारी भरायला शिकलेला पोरगा, आता स्वतः आजोबा व्हायला आला. दुकान गेलं तसा मी घरात बसून गंजायला लागलो होतो. दिवाळीपासून मंगळवारी आणि शुक्रवारी इथल्या तुरुंगात जातो. घाबरू नकोस, काही चोरलं नाही. एक संस्था आहे, ती आतल्या तरुण पोरांना हाताला काम शिकवते. म्हणजे सुटल्यावर पुन्हा त्याच वाटेनं आत येऊ नयेत. मी पाणबुडी मोटारीचं वाइंडिंग शिकवतो. जळालेल्या मोटारीतली जुनी तार काढायची, नवी भरायची. चौथी नापास मास्तर आणि कुलपातली शाळा!

तिथं कोण भेटावं? तुमच्याच भाऊबंदकीतला प्रेमराज. तुला काकू म्हणणाऱ्या नवलचा पुतण्या, मंजुळाबाईचा एकुलता. नवलच्या केळीतली मोटार आणि गावातल्या आणखी चार-पाच जणांच्या मोटारी काढून तांबं विकलं म्हणून आत आहे. ही दुसरी खेप. पहिल्या खेपेनंतर सुटला, तर वर्षाच्या आत परत.

पहिल्या दिवशी मी तारेचा एक गुंता टेबलावर टाकला. यानं उचलून नाकाला लावला. म्हणाला, "नाना, हाई जाळेल शे." मी म्हटलं, तुला कसं कळलं रे? तर म्हणतो, "मी काय कमी जाळेल शे का?" सगळी पोरं हसली. मीही हसलो, काय करू! चोरटे तार जाळून वरचं प्लास्टिक काढतात, तांबं काळं पडतं, ते याला पाठ. पण अक्का, हात बघशील तर! खाचेतून तार ओढतो ती लोण्यातून केस काढल्यासारखी.

गेल्या शुक्रवारी तार ओढता ओढता मान खाली घालूनच विचारलं त्यानं, "नाना, कानबाईले रोटना गहू मोजतस, तव्हय मनं नाव लेतस का?"

कानबाईच्या नैवेद्याचे ते रोट, श्रावणातले. मोजणीला तर तूच बसतेस. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि सव्वा मूठ गहू टाकायचा. माणूस परमुलखात असला तरी त्याची मूठ चुकत नाही. फौजेतल्या भूषणची तू दरवर्षी टाकतेस. या पोराची टाकता का? श्रावणात सुटतोय. दुसरं काही मागत नाही तो.

तुझा अभिमन

*

लोणपिंप्री, ता. पाचोरा
९ फेब्रुवारी

चि. अभिमन,

खुशाल असशील. पत्र दोनदा वाचलं. लहानपणी तू खरुज झालेलं कुत्रं उचलून घरात आणायचास आणि मार मी खायची, ते आठवलं.

विचारलंस म्हणून सांगते. त्याची मूठ टाकत नाही. तो आत गेला तेव्हापासून टाकलेली नाही.

तू म्हणतोस मोटार काढली. दोन शब्दांत झालं तुझं. ऐन वैशाखात मोटार गेली, बाबा. नवी येऊन विहिरीत उतरेपर्यंत केळीनं मान टाकली. नवल बांधावर बसून होता, जेवायला बोलावलं तर उठेना. परक्यानं नेली असती तर शिव्या देऊन मोकळा झाला असता. भावाच्या मागं ज्याला खांद्यावर घेऊन वाढवलं त्यानंच नेली. मोटार कुठं आहे, पाइपाचा चाप कसा खोलायचा, कुत्रं कुणाला भुंकत नाही, सगळं त्याला ठाऊक.

मंजुळा अजून नवलच्याच घरात आहे. त्याचंच पीठ, त्याचीच चूल. ती कुठल्या तोंडानं बोलेल?

मी मोजणीला बसते ते वयानं मोठी म्हणून. घर नवलचं, गहू नवलचा. विचारून बघते. पण तू त्या पोराला आस लावू नकोस. तुझी जीभ सैल आहे.

यशोदा

*

धुळे,
२२ एप्रिल

अक्का,

जीभ सैल तर सैल, पण या खेपेला दाताखाली धरून ठेवली आहे. पोराला काही बोललो नाही.

एक चांगली गोष्ट घडली. म्हणजे अर्धी चांगली. प्रेमराजनं एक अख्खी मोटार एकट्यानं भरली. मी फक्त स्टुलावर बसून होतो. बटण दाबलं आणि ती अशी गुणगुणायला लागली की जेलचा शिपाईसुद्धा डोकावून गेला. जुनी तार आता जाळत नाही. मी शिकवलं तसं, एकेक वेढा हळू काढतो, वरचं प्लास्टिक सोलतो, कोपराभोवती गुंडाळी करतो आणि सुतळीनं दोन ठिकाणी बांधतो. तांबं कसं नव्या नवरीच्या कपाळासारखं लख्ख! मी सगळ्या पोरांना दाखवलं, म्हटलं हे बघा, याला काम म्हणतात. तो लाजला, अक्का. दोनदा जेल बघितलेला पोरगा, कान लाल झाले.

मग मी नासीरकडे गेलो. म्हटलं, श्रावणात एक कारागीर देतो, ठेवून घे. त्यानं चहा मागवला तेव्हाच ओळखलं की हा नाही म्हणणार. म्हणाला, "नाना, माझं अख्खं दुकान तांब्याचं. मांजराला दुधावर बसवू?"

मी म्हटलं, मी जामीन.

"तुमचा शब्द सोन्याचा आहे, पण तुम्ही तो रेवडीसारखा वाटता. एवढ्या वर्षांत कुणाला नाही म्हणालात? त्याच्या घरचं एक माणूस येऊ द्या. इथं उभं राहून म्हणू द्या, हा आमचा. उद्या काही झालं तर कुणाच्या दारात जायचं ते मला कळेल. मग ठेवतो."

त्याचं काय चुकलं? त्यालाही पोरंबाळं आहेत. म्हणून आता गोष्ट नुसती मुठीची राहिली नाही. नवलनं कानबाईला त्याला घरात घेतलं, मूठ टाकली, रोट खाऊ घातला, की मग तोच त्याला घेऊन धुळ्याला येईल. दुकानात उभं राहून दोन शब्द बोलायचे. घरानं टाकलेल्याला बाजार उचलत नाही, अक्का.

नवलला विचारलंस का?

अभिमन

*

लोणपिंप्री,
१५ जून

चि. अभिमन,

विचारलं. उशीर झाला, कारण वेळ बघत होते. भरताची वांगी भाजत होतो, कपाशीच्या पळकाट्यांचा जाळ केला होता, नवलचा मूड बरा होता. म्हटलं, नवल, प्रेमराज श्रावणात सुटतोय. या साली त्याच्या नावाची मूठ टाकू का?

त्यानं वांगं उलटं केलं. जाळात दोन काड्या सारल्या. मग उठून बैलांकडे गेला.

मंजुळा दाराआड होती. बाहेर आली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "काकू, नही तर म्हननात नही ना?" मी म्हटलं, नाही, नाही म्हणाला नाही. तिनं माझे दोन्ही हात धरले. पीठ लागलेले हात होते तिचे. दुसऱ्या दिवसापासून घरात गुणगुणतेय. आत गोधडी धुवायला काढली आहे.

नवलचं गप्प बसणं मला काही आवडलेलं नाही. पण मंजुळाकडे बघून मीही मान हलवली. पुढं कानबाई आहे आणि तिची मर्जी आहे.

पाऊस अजून नाही. तुझ्या गुडघ्याला एरंडाचं पान बांध.

यशोदा

*

धुळे,
३० जुलै

अक्का,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. उद्या प्रेमराज सुटतोय, त्याच्याच हाती देतो. पत्र आणणाऱ्यालाच वाच म्हणजे झालं!

तुझं जूनचं पत्र आलं तेव्हाच मी त्याला सांगून टाकलं. रागावू नकोस. "नाही म्हणाला नाही" हे वाचलं आणि मला राहवलं नाही. आपल्याकडे लग्नसुद्धा याच्यावर जमतात. त्याला म्हटलं, तुझी मूठ या साली टाकणार आहेत, अक्का स्वतः टाकणार. तो हातातली तार तशीच धरून उभा राहिला. मग म्हणाला, "सव्वा मूठ ना? पाव मूठ बी चाली." सगळी पोरं त्याला चिडवायला लागली, रोटवाला आला म्हणून.

नासीर म्हणत होता, आधी चार दिवस तुमच्याकडे ठेवा, घरच्यांचा अंदाज घ्या, मग पाठवा. मी म्हटलं, अरे वेड्या, रविवारी कानबाई बसणार, शनिवारी गहू मोजणार, आता नाही तर कधी? सणाच्या दिवशी दार बंद करत नाही कुणी. पारोळ्यावरून जाणाऱ्या एसटीत बसवून देतो. माझी जुनी पक्कड त्याला दिली आहे. मंजुळाबाईसाठी त्यानं जेलच्या कमाईतून बांगड्या घेतल्यात, माप मात्र अंदाजानं.

सोमवारी कानबाई बोळवली की मंगळवारी नवलनं त्याला घेऊन इथं यावं. मी दुकानात बसून राहीन. नासीरला सांगून जिलबी आणून ठेवतो.

अभिमन

*

लोणपिंप्री,
१३ ऑगस्ट

अभिमन,

मंगळवारी तू वाट बघितली असशील. हे पत्र आधीच लिहायला हवं होतं, हात धजला नाही.

तो आला गुरुवारी दिवे लागायच्या आत. मंजुळानं मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या, शेवभाजी केली. बांगड्या तिला घट्ट झाल्या, तरी साबण लावून चढवल्या. नवल त्याच्याशी बोलला नाही, पण जा म्हणालाही नाही. मला वाटलं, दही लागतंय, हलवू नये.

शनिवारी गहू मोजायला बसलो. सगळं भाऊबंद घरात. बायका सुपं घेऊन, पुरुष ओट्यावर. मी एकेक नाव घेत गेले. भूषणचंही घेतलं. मग म्हटलं, प्रेमराज. आणि मूठ टाकली.

नवल ओट्यावरून आत आला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मी भांडले असते. म्हणाला, "काकू, पहिले मनी मोटार लई ये म्हना त्याले. मंग टाका मूठ."

मी सगळ्यांकडे बघितलं. ज्यांच्या मोटारी गेल्या त्यातले दोघं तिथंच होते. आणि मीच ती मूठ सुपातून उचलून परत पोत्यात टाकली. नवलनं सांगितलं खरं, पण हात माझा होता. काही दाणे सुपातच राहिले असतील. कुठले कुणाचे, कसे निवडणार?

पोरगा ओट्याच्या कडेला बसला होता. त्यानं ऐकलं. मी बहिरी असून ऐकलं, त्यानं का ऐकलं नसेल?

रविवारी कानबाई बसली, रोट झाले. रोट भाऊबंदकीबाहेरच्याला देत नाहीत, तुला माहीत आहे. ज्याची मूठ नाही तो बाहेरचाच. पाव्हण्यांसाठी वेगळी भाजी-भाकरी असते ती मंजुळानं त्याला वाढली. आईनं लेकाला पाव्हण्याच्या पंगतीला वाढलं, अभिमन. मग सगळ्यांची नजर चुकवून स्वतःच्या वाट्याच्या रोटाचा तुकडा त्याच्या भाकरीखाली सरकवला. त्यानं काढून तिच्या हातात परत दिला. "माय, राहू दे. त्यामा मनं नाव नही."

सोमवारी आम्ही कानबाई घेऊन नदीवर गेलो. फुगड्या, गाणी, सगळं झालं. परत आलो तर तो नव्हता. गोधडी घडी करून ठेवलेली.

मंजुळानं बांगड्या काढायचा प्रयत्न केला, निघत नाहीत.

यशोदा

*

धुळे,
५ सप्टेंबर

अक्का,

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस जेवलो खरा, पण चव लागली नाही. चूक तुझी नाही. नवलचा न बोललेला शब्द मी रुपयासारखा वाजवून खर्च केला.

तो इथं आला. कानबाईच्या पुढल्या गुरुवारी नासीरच्या दुकानासमोर उभा होता, पक्कड खिशात. नासीरनं विचारलं, घरचं कोण आलंय? पोरानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, मी आलोय. नासीरनं माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "बरं, नाना. पण तांब्याला हात नाही."

तेव्हापासून तो तिथं पंप धुतो, चिखल खरवडतो, चहा आणतो. मोटारी दुसरी पोरं भरतात. त्यांचे वेढे ढिले पडतात ते तो लांबून बघतो, बोलत नाही. तारेच्या कपाटाची किल्ली नासीर बनियनच्या खिशात ठेवतो, आणि प्रेमराज जवळ असला की कपाट उघडत नाही. परवा गिऱ्हाईक म्हणालं, हा नवीन पोरगा कोण? नासीर म्हणाला, नानांचा आहे. चला, कुणाचा तरी आहे.

रात्री माझ्याकडेच जेवतो. तुझी भावजय त्याला वाढते, तो ताट घासून ठेवतो. बोलणं थोडं. पण होईल, अक्का. तांब्याचा गंज चिंचेनं निघतो, माणसाचा वेळानं. नासीर मऊ माणूस आहे, दिवाळीपर्यंत किल्ली देईल. मंजुळाबाईंना सांग, पोर खाऊन-पिऊन आहे.

अभिमन

*

लोणपिंप्री,
६ नोव्हेंबर

अभिमन,

दिवाळीला तुझं पत्र नाही, तेव्हाच मनात पाल चुकचुकली. प्रेमराजनं दसऱ्याच्या आधीच दुकान सोडलं, हे तू मला कळवलं नाहीस. मला इथल्या पोलिसांकडून कळावं?

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी त्याला धरलं. सोबत त्याचेच जुने दोघं होते. आपल्या शिवारातल्या आणि शेजारच्या गावच्या मिळून सहा-सात मोटारी गेल्या होत्या. नाल्याकाठच्या पडक्या पंपघरात माल सापडला. पंच म्हणून गावातल्या माणसांना नेलं, त्यात नवलही होता.

त्यानं घरी येऊन सांगितलं ते तुला सांगू की नको, चार दिवस विचार केला. सांगते. तार जाळलेली नव्हती. सोललेली होती, लख्ख. गुंडाळ्या करून, सुतळीनं दोन ठिकाणी बांधलेल्या. ओळीनं मांडलेल्या. नवल म्हणाला, "नानाले सांगा, पोऱ्या मस्त शिकना." आणि हसला. मग हसणं तोंडावरच राहिलं आणि तो आत जाऊन निजला.

नवलच्या मोटारीला मात्र हात लावलेला नाही. आजूबाजूच्या गेल्या, मधली त्याची तशीच. नवल म्हणतो, घाबरला. मंजुळा म्हणते, काकाची सोडली. मला काय वाटतं ते मी कुणाला सांगत नाही.

मूठ टाकली असती तर हे झालं नसतं, असं मी म्हणत नाही. ज्यांच्या मुठी पडतात तेही कुठं धुतल्या तांदळाचे आहेत? पण गव्हाच्या पोत्यात हात घातला की मला ते आठवतं. पुढच्या श्रावणात नवलला न विचारता टाकून देऊ का? तू सांगशील तसं करीन.

यशोदा

*

धुळे,
९ डिसेंबर

अक्का,

कळवलं नाही, कारण काय कळवायचं? एक दिवस नासीरच्या शेजारच्या दुकानातून तारेचं भेंडोळं गेलं. सगळ्यांनी आधी याच्याकडे बघितलं. नासीरनंही. दुपारी ते भेंडोळं मालकाच्याच गाडीच्या डिक्कीत सापडलं, सगळे हसले, चहा झाला. प्रेमराजनंच आणला चहा. संध्याकाळी कप धुऊन पालथे घातले आणि गेला, तो जेवायला आला नाही. तुझी भावजय पुढचे आठ दिवस त्याच्या वाटणीची भाकरी करत होती.

नवलचा निरोप पोचला. त्याला सांग, खरं बोलला. पूर्वी तो तार जाळायचा, धूर दिसायचा, काळं तांबं पडत्या भावानं जायचं. आता धूर नाही आणि माल चोख. मी एका चोराला कारागीर केलं, पण चोर तसाच ठेवून. जुनी तार काढायचं मी शिकवलं. नवी भरायला त्याला कुणी मोटार दिली नाही.

संस्थेच्या बाईंना म्हटलं, मला सोडा. त्या म्हणाल्या, नाना, नवी पोरं आली आहेत, पाच-सहा तरी बघा. गेलो. आज पहिला धडा होता, जुनी तार काढण्याचा. मोटार टेबलावर ठेवली, पक्कड हातात घेतली आणि माझा हात पुढं जाईना. हा धडा सोडून पुढचा शिकवताही येत नाही. एक मिसरूड न फुटलेला पोरगा म्हणाला, "नाना, आते काय?" शेवटी शिकवलं. सुतळी मात्र बांधली नाही. सुतळीनं काय होणार आहे, पण नाही बांधली.

प्रेमराज इथंच आहे. केस अजून उभी राहायची आहे. वर्गाला येत नाही, नाव घातलं नाही त्यानं. निघताना पोरांची रांग अंगणातून जात होती, त्यात दिसला. मी मुद्दाम थांबलो. शिपाई ओळखीचा, त्यानं दोन पावलं रांग हळू केली. म्हटलं, कसा शे रे? म्हणाला, "बरा शे, नाना. तुम्हना गुडघा?" म्हटलं, चाललंय. माझ्यावर ओरडला असता, तुम्ही खोटं सांगितलं म्हणाला असता, तर बरं झालं असतं. तसं काही नाही. माझ्या गुडघ्याची चौकशी केली.

तू विचारलंस, मूठ टाकू का. तुझ्या हाताला बरं वाटत असेल तर टाक. पण टाकलीस तर मला लिहू नकोस. लिहिलंस तर मी त्याला सांगितल्याशिवाय राहणार नाही, आणि माझ्या तोंडून ते एकदा निघून गेलंय.

रांग पुढं गेली. तो वळेल म्हणून मी फाटकापाशी उभा राहिलो. जानेवारीत याच भिंतींच्या आत, सुटायला सहा महिने असताना, त्यानं मला मुठीचं विचारलं होतं.

आज त्यानं विचारलं नाही.

अभिमन